एकही राखाडी नाही

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी फार साठतात. एक म्हणजे लोकांच्या दातांचे साचे आणि दुसरे म्हणजे किस्से. साचे वर्षभर ठेवून फेकून देता येतात. किश्शांचं तसं नाही. एक सांगून संपवला की पुढच्या रविवारी कुणीतरी तोच उचलून परत टेबलावर ठेवतं, आणि तोवर तो थोडा वाढलेला असतो. आमच्यातल्या सोमनाथने सांगितला तर दुप्पट! म्हणून म्हटलं, एकदा आपणच सगळे सांगून टाकावेत. खरे किती आणि सोमनाथचे किती, हे तरी ठरेल.

मी माधुरी. नाशकात गंगापूर रोडच्या एका गल्लीत माझी डेंटल लॅब आहे. डेंटिस्ट माप पाठवतात, आम्ही त्यावर दाताची कॅप बनवतो आणि शेजारच्या दातांशी जुळेल असा रंग देतो. तुमच्या समोरच्या माणसाचा दात त्याचा की माझा, हे तुम्हाला कळलं नाही, तर माझं काम झालं. सोमवार ते शनिवार मी दात रंगवते. रविवारी राक्षस रंगवते.

हसू नका! हा रीतसर खेळ आहे. अंगठ्याच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे योद्धे मिळतात. राक्षस, बुटके, सांगाडे, पंखवाले, काय वाट्टेल ते. टेबलावर डोंगर-नदी मांडायची, दोन्ही बाजूंनी सैन्य उभं करायचं आणि फासे टाकून लढायचं. पण हे योद्धे येतात ते सगळे राखाडी. रंग आपला आपण द्यायचा. डोळे, दात, पट्टे, बुटाच्या नाड्यासुद्धा. एकेकाला तीन-चार तास सहज जातात, आणि आमच्या सैन्यात आहेत तीनशे!

*

हे तीनशे रोहनचे. रोहन कॉम्प्युटर इंजिनियर. पुढच्या दाताची कॅप बसवायची होती, म्हणून त्याच्या डेंटिस्टने त्याला शेड जुळवायला माझ्याकडे धाडला. मी ट्यूबलाइटखाली त्याचा ओठ वर करून बघतेय, आणि हा बाबा तोंड उघडं ठेवूनच म्हणतो, "मॅडम, हा ब्रश किती नंबरचा आहे?"

म्हटलं, तुला काय करायचंय?

"माझ्याकडे घरी तीनशे राक्षस आहेत."

मला वाटलं, भुलीचं इंजेक्शन डोक्यात चढलं. पण पुढच्या रविवारी तो खरंच चार खोकी घेऊन हजर. दहा वर्षं घेतोय म्हणे, आणि रंगवलेला एकही नाही. का? तर, "हिंमत होत नाही मॅडम. खराब झाला तर?" मी त्याला सांगितलं, अरे, मी जिवंत माणसाच्या तोंडात दिसणारा दात रंगवते, तुझा राक्षस काय तक्रार करणार आहे? बस इथं.

आम्ही कॉम्प्रेसर लावून रंग मारायला घेतला, आणि दहा मिनिटांत दार वाजलं. वरच्या मजल्यावरचे तात्या. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले, जन्मभर पेंट शॉपला. रविवारी दुपारी कसला आवाज करताय म्हणून भांडायला आले होते. टेबलाकडे बघितलं आणि भांडण विसरले.

"प्रायमर मारला का?"

"नाही."

"पृष्ठभाग घासून घेतला का?"

"नाही तात्या."

"मग रंग देताय कशाला? पावडर लावा तोंडाला आणि सोडा!"

त्या दिवशी ते संध्याकाळी सहाला वर गेले. तिसऱ्या रविवारी छापील जॉब कार्डांचा गठ्ठा घेऊन खाली आले. प्रत्येक राक्षसाला एक कार्ड. नंबर, रंगाचे कोट किती, करणारा कोण, तपासणारा कोण, आणि सह्या. विमानाला जे लागतं ते राक्षसाला का नको, असा त्यांचा प्रश्न होता.

*

पहिल्या वर्षी आम्ही पुण्याला गेलो. तिथं दर जानेवारीत एक मोठी लढत होते. त्यांचा एकच कडक नियम आहे. सैन्यात एक जरी राखाडी दिसला, तर सैन्य टेबलावर चढणार नाही.

आमचे दोनशे एक्क्याऐंशी रंगवून झाले होते. एकोणीस राहिले होते. आम्हाला वाटलं, मागच्या रांगेत उभे करू, कोण बघतंय? तर तपासणारा पंच नेमका मागच्या रांगेपासून सुरू झाला! मग काय, आम्ही संध्याकाळपर्यंत खुर्च्यांवर बसून दुसऱ्यांच्या लढाया बघितल्या. तोच पंच, पांढरी दाढी, स्वभावाने गोड, चहा घेऊन आला आणि म्हणाला, "असू द्या हो. नाशिकला द्राक्षं मात्र छान येतात."

तो वाईट हेतूने बोलला नाही, हे मला आजही मान्य आहे. पण लागलं ते लागलंच! परतीची गाडी निघाली. संगमनेर गेलं. सिन्नरला चहाला थांबलो तेव्हा तात्या म्हणाले,

"पुढच्या वर्षी तीनशे. एकही राखाडी नाही." मग कप खाली ठेवून म्हणाले, "आणि सेनापती माझ्याकडे."

रोहनने तिथल्या तिथं कार्ड नंबर एक काढलं. 'करणारा' या रकान्यात तात्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. वळणदार, ठसठशीत अक्षर. ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय.

*

तात्यांचे नियम तीन. पहिला, कार्डावर ज्या कामाला ज्याचं नाव, ते त्यानेच पूर्ण करायचं, दुसऱ्याने ब्रश लावायचा नाही. दुसरा, स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही. आमचं तात्या तपासणार, तात्यांचं मी तपासणार, दाताचं भिंग लावून. आणि तिसरा नियम डोळ्यांचा. डोळे उघडे पाहिजेत आणि समोर पाहिजेत. झोपलेला सैनिक सैन्यात चालणार नाही.

या तिसऱ्या नियमाने रोहनचा जीव घेतला. मोहरीएवढं डोकं, त्यात डोळा केवढा आणि बुबुळ केवढं! आधीच्या दोनशे एक्क्याऐंशीतले त्याचे साठ तात्यांनी परत काढले. एकेक उचलायचे, उजेडात धरायचे.

"हा कुठं बघतोय? एक डोळा त्र्यंबकला, एक ओझरला!"

"तात्या, तो दोन्हीकडे लक्ष ठेवतोय."

"मग ह्याला सोसायटीचा वॉचमन ठेव. रिजेक्ट!"

दुसऱ्याच्या डोळ्यात बुबुळच नव्हतं. "हा झोपलाय."

"थकला असेल हो तात्या."

"थकलेला चालेल. झोपलेला नाही. रिजेक्ट!"

एकदा तर रोहन रडकुंडीला आला. पण बसला पठ्ठ्या. ऑफिसमधून सुटला की इथंच. आठवडेच्या आठवडे नुसते डोळे काढत होता. शेवटी एका रविवारी तात्यांनी त्याचा एक राक्षस भिंगाखाली धरला. तात्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि म्हणाले, "च्यायला, हा माझ्याकडेच बघतोय!"

आणि सही केली. रोहनला इंजिनियरिंगची डिग्री मिळाली तेव्हा त्याने पेढे वाटले नसतील. त्या दिवशी वाटले.

*

आता मनमाडचा किस्सा. यात चूक माझीच आहे, सांगून टाकते.

आमच्या राक्षसांना खालच्या जबड्यातून वर आलेले सुळे आहेत. ते काम माझं. बाकीचे लोक राक्षसाचे दात पांढरे रंगवतात. चुन्यासारखे! मला ते बघवत नाही. दात कधी पांढरा नसतो. मुळाशी पिवळसर, मधे दुधाळ, टोकाला जरा पारदर्शक. मी राक्षसांनाही तीन थरांत दात देते. देणारच! माझा धंदा आहे तो.

तर एका शनिवारी घाईघाईत मी मनमाडच्या एका डॉक्टरांची डबी पॅक केली. वर लेबल लावलं, "वरची डावी दाढ." सोमवारी सकाळी अकराला फोन.

"माधुरीताई, पेशंट तोंड उघडून खुर्चीत बसलाय."

"बरं."

"डबी उघडली."

"बरं."

"ताई, आत राक्षस आहे."

मी कपाळावर हात मारला. दाढ इथं टेबलावर, कुऱ्हाडवाल्यांच्या रांगेत उभी! रोहनने तर तिला दगड समजून कार्डही लावलं होतं. मी शंभर वेळा माफी मागितली. म्हटलं, डॉक्टर, आत्ताच्या गाडीने माणूस पाठवते, पेशंटला म्हणावं, जरा दम धरा.

"अहो माफी राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "पेशंटने राक्षस हातात घेऊन बघितला. तो विचारतोय, मला ह्याच्यासारखे दात मिळतील का?"

मनमाडकर, हे नाव त्या राक्षसाला कायमचं पडलं. तो दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने परत आला, आणि मी त्याला पहिल्या रांगेत घेतला. पेशंटचं म्हणाल, तर त्याच्या पुढच्या चारही दातांच्या कॅप्स मी केल्या. शेड मनमाडकरचीच!

*

आमच्यातला चौथा सोमनाथ. एका हॉस्पिटलमध्ये ब्रदर आहे. तात्यांना गुडघेदुखीचं इंजेक्शन द्यायला रविवारी यायचा, आणि तात्या वर सापडायचे नाहीत, मग खाली लॅबमध्ये यायचा. तान्ह्या बाळाची शीर पहिल्या झटक्यात शोधणारा हात! त्याला ब्रश दिला नसता तर पाप लागलं असतं.

सोमनाथ मूळचा हरसूलकडचा. घरच्या शेतात भात आणि नागली, म्हणजे आपली नाचणी. प्रत्येक राक्षसाच्या पायाखाली एक गोल चकती असते. तिच्यावर माती, दगडगोटे चिकटवायचे, म्हणजे तो जमिनीवर उभा वाटतो. रोहन त्यासाठी परदेशी दगडांची पाकिटं मागवायला निघाला, तसा सोमनाथ उसळला.

"दगड-माती बाहेरून मागवता? आमच्याकडं काय कमी हाय का? थांबा जरा!"

पुढच्या खेपेला त्याने बांधावरची लाल माती आणली. आणि छोटे गोटे म्हणून काय आणावं? आईच्या डब्यातली नागली! गोल, तपकिरी, राक्षसाच्या पायाशी अगदी गोट्यासारखी दिसते. आम्ही खूश. पांढऱ्या गोंदात पाणी घालून साठ चकत्यांवर माती पसरली, नागली पेरली. हो, पेरलीच म्हणायची. मग ते साठ जण खोक्यात घालून झाकण लावून गॅलरीत ठेवले. दिवस पावसाळ्याचे. त्यात सोमनाथला डबल ड्युटी लागली, मला मिटिंगसाठी मुंबईला जावं लागलं. मधे दोन रविवार कुणी खोकं उघडलंच नाही.

तिसऱ्या रविवारी तात्यांनी झाकण काढलं. साठ राक्षस, आणि सगळ्यांच्या पायातून हिरवे कोंब वर आलेले. काहींच्या तर गुडघ्यापर्यंत!

"सोमनाथ," तात्या शांतपणे म्हणाले, "हे काय आहे?"

सोमनाथ वाकला, बोटाने कोंब हलवून बघितला, आणि त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "तात्या, लय जोमात आलंय!"

रोहन डोकं धरून बसला. आता हे रिजेक्ट का पास, कार्डावर तर गवताचा रकानाच नाही! सोमनाथने सरळ आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खोक्यावर धरला. माउली चष्मा लावून बराच वेळ बघत होती. आम्हाला वाटलं, राक्षस बघून घाबरली.

"लय दाट पेरलंय रं," ती म्हणाली. "आता आवणी करा!"

आवणी म्हणजे दाट रोपं उपटून दुसरीकडे लावायची. आम्ही केली की! चिमट्याने, चौघांनी बसून. साठ जणांचे कोंब तीनशे जणांत वाटले. मग ते वाळले आणि सोनेरी गवत होऊन उभे राहिले. असं गवत जगातल्या कुठल्या पाकिटात मिळत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

*

खंडेनवमीला आम्ही लॅबमध्ये हत्यारांची पूजा करतो. मशीन, हँडपीस, ब्रश, सगळं पुसून मांडायचं. पूजेचं काम सासूबाईंकडे. वय अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर अशी की डाळीतला खडा दुसऱ्या खोलीतून सांगतील. मी हार आणायला गेले. येऊन बघते तर ब्रशांच्या पलीकडे चाळीस हिरवे राक्षस वाळत ठेवलेले होते, आणि चाळीसही जणांच्या कपाळावर कुंकू!

"अहो आई! हे काय केलंत?"

"का? सैन्य ना ते? मग हत्याराबरोबर शिपायाला नको?"

"अहो पण राक्षस आहेत ते!"

"असेनात का. घरचेच आहेत ना?"

मी कापूस घेऊन पुसायला बसणार, तेवढ्यात तात्या आले. एक राक्षस उचलला. दुसरा उचलला. मग खिशातून मोजपट्टी काढली, खरंच काढली, आणि पाच-सहा कपाळं मोजली.

"हे कुणी केलं?"

मी म्हटलं, तात्या, रागावू नका, आईंना माहीत नव्हतं.

"रागावू? चाळीस टिळे, सगळे बरोबर मध्यावर! कशाने लावलेत?"

"आगपेटीच्या काडीने," सासूबाई म्हणाल्या. "टोक चावून घ्यायचं."

तात्यांनी खिशातून कोरं कार्ड काढलं आणि त्यावर सासूबाईंचं नाव लिहिलं. उरलेल्या दोनशे साठ कपाळांचं काम त्यांना. कुंकू पुसलं जातं, म्हणून लाल रंगाची बाटली दिली. दिवाळीच्या आत त्यांनी सगळे पूर्ण केले, एकही रिजेक्ट नाही. रोहनला हे अजून पचलेलं नाही.

*

हा किस्सा छोटा आहे. खरं तर किस्सा नाहीच.

दिवाळीनंतर सोमनाथने आमचा चहा अर्धा केला. चहा तोच करतो. सगळ्यांचे कप अर्धेच भरायचा. रोहन कुरकुरला, "काय रे, दूध संपलं का?" सोमनाथ म्हणाला, "गोड कमी खा जरा." दोन-तीन रविवार असेच गेले. मलाही लक्षात आलं नाही. लाज वाटते आता सांगायला. हातांच्या कामावर जगणारी बाई मी, आणि मला दिसलं नाही.

मग एकदा तात्या कपाकडे बघून म्हणाले, "सोमनाथ, ह्यांना कशाला शिक्षा? ह्यांना भरून दे. अर्धा मला."

त्यांचा उजवा हात थरथरत होता. भरला कप असता तर सांडला असता. सोमनाथने ते सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. रोहन उठून उगाच कॉम्प्रेसरचं तोंड पुसत बसला. मला त्या क्षणी सोमनाथचा फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

सेनापती तेव्हा टेबलावरच उभा होता. कार्ड नंबर एक. बाकीच्यांपेक्षा दुप्पट उंच, हातात परशू, अंगावर साखळ्यांचं चिलखत. तात्यांनी एकेका कडीला वेगळी चमक दिली होती. सगळं पूर्ण होतं. फक्त दोन डोळे राहिले होते, अजून राखाडी. आणि पुण्याच्या लढतीला उरला होता दीड महिना.

रोहनने एकदा भीत भीत विचारलं, "तात्या, डोळे मी करू का?"

"कार्डावर नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग?"

मी त्यांना माझी युक्ती शिकवली. कोपरं बरगड्यांना टेकवायची, दोन्ही मनगटं एकमेकांना जुळवायची, श्वास सोडून थांबायचं आणि मग ब्रश टेकवायचा. त्यांनी एका रिजेक्ट राक्षसावर करून बघितलं. बुबुळ भुवईवर गेलं. परत केलं. गालावर गेलं. त्यांनी ब्रश स्वच्छ धुतला, टोक जुळवून उभा ठेवला आणि म्हणाले, "आज उजेड बरोबर नाही."

माझ्या लॅबमधल्या दिव्याखाली मुंगीच्या पायावरचे केस मोजता येतात. मी म्हटलं, "हो तात्या, ढगाळ आहे जरा."

*

पुण्याला जायच्या आदल्या रविवारी तात्या खाली आले, ते सेनापतीची डबी घेऊन. तो आठवडाभर वरच होता. डबी माझ्यासमोर ठेवली, वर कार्ड ठेवलं आणि म्हणाले, "तपासा."

मी भिंग लावलं.

सेनापतीचे डोळे मिटलेले होते. दोन्ही पापण्या खाली. कातडीचाच हिरवा, पाच कोट, एवढे पातळ की जोड दिसेना. पापणी जिथं टेकते तिथं तपकिरी रेष, केसासारखी. ही रेष ब्रशने ओढलेलीच नव्हती. रंग पाण्यासारखा पातळ करून त्याचा थेंब सोडला होता, थेंब आपणहून खाचेत जाऊन बसला होता. थेंब सोडताना हात थरथरला तरी चालतं. चाळीस वर्षं रंगात काढलेल्या माणसालाच हे सुचणार.

मी पेन उचललं आणि थांबले. समोर तात्यांचाच नियम होता. झोपलेला सैनिक चालणार नाही, रिजेक्ट. साठ वेळा रोहनला ऐकवलेलं वाक्य. रोहन माझ्याकडे बघतोय, सोमनाथ माझ्याकडे बघतोय, आणि तात्या बघतायत खिडकीबाहेर. दयेने सही केली असती तर त्यांना कळलं असतं, आणि त्यांनी ते कार्ड फाडलं असतं.

मी परत भिंग लावलं. प्रत्येक कडी बघितली, प्रत्येक नख बघितलं, पापणी तीनदा बघितली. तीनशे राक्षसांत इतकं स्वच्छ काम दुसरं नव्हतं, माझ्या दातांसकट. मी 'पास' लिहिलं.

"तात्या, पुण्यात विचारतील."

"विचारू द्या," ते म्हणाले.

पुण्यात टेबलावर सैन्य लावायला आम्हाला तास लागला. तीनशे राक्षस, हिरवी अंगं, लाल टिळे, पायाशी हरसूलचं गवत. सगळ्यांच्या पुढे एकटा सेनापती. आजूबाजूचे लोक आपापली टेबलं सोडून बघायला आले. फोन निघाले, फोटो सुरू झाले. मी नाटक करत होते की मला काही विशेष वाटत नाही. खोटं! ऊर भरून आला होता.

तपासायला आला तोच, पांढऱ्या दाढीवाला. सवयीने मागच्या रांगेपासून सुरू केलं. एकेक बघत पुढे येत होता. मधेच थांबला.

"हे गवत कुठल्या कंपनीचं आहे हो?"

"आईच्या शेतातलं," सोमनाथ म्हणाला.

त्याला ते खरं वाटलं नाही. तो पुढे सरकला. पहिली रांग झाली. एकही राखाडी नाही. मग सेनापती. त्याने चष्मा वर केला, वाकला, परत बघितलं.

"सेनापतीचे डोळे मिटलेत?"

"हो," तात्या म्हणाले. हात त्यांनी पाठीमागे बांधले होते.

"सगळ्या सैन्याचे एवढे सुंदर डोळे काढलेत, आणि नेमका सेनापती झोपलेला?"

रोहन काहीतरी बोलणार होता. सोमनाथने त्याचा शर्ट मागून धरला.

"झोपलेला नाही तो," तात्या म्हणाले.

"मग लढाईत डोळे मिटून उभा कसा?"

"त्याच्या मागे कोण उभं आहे, ते बघा की."

पंचाने वळून बघितलं. दोनशे नव्व्याण्णव. सगळ्यांचे डोळे उघडे, आणि सगळ्यांचे समोर.